‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’: पुस्तक चांगलं, पण एररचा धडा कुठे आहे?



नेट-सेट-पेटची तयारी करणाऱ्या आणि पुढे सिस्टिम्समध्ये संशोधन करू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींचा एक प्रश्न नेहमी येतो: “ऑपरेटिंग सिस्टिम खरोखर शिकायची तर कुठून सुरुवात करू?” माझं ठरलेलं उत्तर होतं, ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ करून बघा. एमएस्सीला असताना मीही ते केलं होतं. या उन्हाळ्यात भंडाऱ्याला घरी असताना ते पुस्तक पुन्हा वाचलं, या वेळी माझ्या चुलत भावासोबत. तो बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला शिकवता शिकवता माझं उत्तर थोडं बदललं. आजचा लेख त्यावर आहे. पुस्तकाचं परीक्षण आहे, पण आपल्या कामापुरतं: संशोधनाची तयारी म्हणून हे पुस्तक किती उपयोगी, आणि कुठे कमी पडतं.

पुस्तक काय आहे

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं आणि साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. कल्पना साधी आहे. तयार लिनक्स इन्स्टॉल करायची नाही. कम्पायलर, लायब्ररी, शेल, कर्नल असं एकेक पॅकेज सोर्स कोडपासून स्वतः बिल्ड करायचं आणि शेवटी त्यातूनच मशीन बूट करायचं.

यात खरी अडचण कम्पायलरची असते. नवी सिस्टिम बिल्ड करायला कम्पायलर लागतो, आणि तो तर जुन्या सिस्टिमचा आहे. जुन्या सिस्टिमच्या लायब्ररी नव्यात शिरल्या तर सगळी मेहनत वाया. पुस्तकाने यावर काढलेला मार्ग मला आजही आवडतो. आधी बिनयुटिल्स आणि जीसीसी यांची पहिली फेरी. मग कर्नलचे हेडर आणि ग्लिबसी. त्यानंतर तात्पुरती साधनं, आणि बिनयुटिल्स-जीसीसीची दुसरी फेरी. त्यानंतर जुन्या सिस्टिमपासून वेगळं होऊन आत शिरायचं आणि खरी सिस्टिम उभी करायची. पहिल्या फेरीत टार्गेटच्या नावात ‘एलएफएस’ हा शब्द घुसवतात. मशीन तेच, प्रोसेसर तोच, पण नाव वेगळं झाल्यामुळे कॉन्फिगर स्क्रिप्ट समजते की आपण दुसऱ्याच मशीनसाठी कम्पाइल करतोय, आणि ती जुन्या लायब्ररींना हात लावत नाही. एवढ्या छोट्या युक्तीवर सगळा डोलारा उभा आहे.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे मधली तपासणी. ग्लिबसी झाल्यावर पुस्तक रिकामं मेन फंक्शन असलेला एका ओळीचा सी प्रोग्राम कम्पाइल करायला लावतं, आणि तयार झालेली फाइल कोणता डायनॅमिक लिंकर मागते ते बघायला सांगतं. अपेक्षित उत्तर आलं नाही तर पुढे जायचं नाही, मागे जाऊन चूक शोधायची. प्रयोग पुढे नेण्याआधी उपकरण तपासायचं, ही सवय लॅबमध्ये लागायला वर्ष जातं. इथे ती फुकटात लागते.

म्हणजे पुस्तकात दम आहे, यात वाद नाही. आता अडचणीकडे येऊ.

जिथे माझा भाऊ अडकला

त्याच्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. आठ जीबी रॅम असावी असं पुस्तक सुरुवातीलाच सुचवतं, पण ते पान याने वाचलं नव्हतं. जीसीसीच्या दुसऱ्या फेरीत बिल्ड थांबला. पुन्हा चालवला, पुन्हा थांबला. मला म्हणाला, “ताई, काल तर एका फाइलवर थांबलं होतं, आज दुसरीकडेच थांबून राहिलं. कम्पायलरच खराब आहे काय?”

त्याच्या प्रश्नातच उत्तर होतं. कम्पायलर त्याच इनपुटवर तेच काम करतो. सोर्समध्ये चूक असती तर बिल्ड दर वेळी त्याच फाइलच्या त्याच ओळीवर थांबला असता. जागा बदलते आहे, म्हणजे संशय सोर्सवर नाही, मशीनवर घ्यायचा. कर्नलचा लॉग बघितला तर तिथे स्वच्छ लिहिलेलं: मेमरी संपली म्हणून कर्नलनेच कम्पायलरची प्रोसेस मारली. चार कामं एकाच वेळी चालू होती. एकावर आणली, स्वॅप वाढवली, झालं. भंडाऱ्याच्या मे महिन्यात हाच प्रकार तापलेल्या प्रोसेसरमुळे किंवा बिघडलेल्या रॅममुळेही होऊ शकतो. लक्षण तेच: चुकीची जागा स्थिर राहत नाही.

मग लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच संपलेली आणि आतला घड्याळाचा सेलही गेलेला, त्यामुळे लाइट आल्यावर मशीनची तारीख काही वर्षं मागे. आता मेक ‘क्लॉक स्क्यू’ची वॉर्निंग द्यायला लागला. मेकचं सगळं काम फाइलींच्या वेळेवर चालतं. सोर्स फाइल ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तरच तो पुन्हा कम्पाइल करतो. तारीखच मागे गेली तर काय नवं आणि काय जुनं याचा हिशोबच बिघडतो, आणि अर्धवट बिल्ड पूर्ण झाल्यासारखा दिसू शकतो. तारीख नीट करून ते पॅकेज पुन्हा पहिल्यापासून केलं.

इथपर्यंत पुस्तकाचा दोष नाही. पुढची गोष्ट वेगळी आहे.

एका ओळीत संपलेला धडा

जीसीसी १५ वापरणाऱ्या आवृत्तीत जीएमपी नावाचं पॅकेज येतं. मोठ्या संख्यांचं गणित करणारी ही लायब्ररी खुद्द जीसीसीलाही लागते. तिथे कॉन्फिगर चालवण्याआधी पुस्तक सेड कमांडची एक ओळ देतं, आणि वर एक वाक्य: नव्या जीसीसीशी जुळवून घेण्यासाठी हा बदल. बस.

भावाकडून ती ओळ सुटली. कॉन्फिगरने सांगितलं, चालणारा कम्पायलर सापडला नाही, तपशील कॉन्फिग-लॉगमध्ये बघा. अन् गंमत बघा, याच कम्पायलरने त्याच्या आधीचं बिनयुटिल्सचं अख्खं पॅकेज बिल्ड केलं होतं! भाऊ घाबरला, जीसीसी पुन्हा पहिल्यापासून करायला निघाला. मी म्हटलं, थांब, लॉग उघडू.

कॉन्फिगर स्क्रिप्ट काय करते ते इथे समजून घ्या. ती छोटे छोटे चाचणी-प्रोग्राम लिहून कम्पाइल करते. प्रोग्राम कम्पाइल झाला तर तिचा निष्कर्ष ‘कम्पायलर चालतो’, नाही झाला तर ‘चालत नाही’. जीएमपीच्या एका चाचणी-प्रोग्रामात एक फंक्शन रिकाम्या कंसाचं लिहिलेलं आहे, आणि त्याला बोलावताना मात्र आर्ग्युमेंट दिली आहेत. जुन्या सी भाषेत रिकाम्या कंसाचा अर्थ होता ‘आर्ग्युमेंट किती ते सांगितलेलं नाही’, त्यामुळे हे खपून जायचं. १९८९ च्या प्रमाणातही ही पद्धत ठेवली होती, पण जुनी, पुढे काढून टाकायची, असा शिक्का मारून. सी२३ या नव्या प्रमाणात रिकाम्या कंसाचा अर्थ झाला ‘एकही आर्ग्युमेंट नाही’. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ने वेगळं काही सांगितलं नाही तर सी२३ चं रूप धरायला सुरुवात केली. त्यामुळे चाचणी-प्रोग्राम पडला.

म्हणजे कम्पायलर बरोबर होता. चूक चाचणीत होती. आणि स्क्रिप्टने मात्र ठपका कम्पायलरवर ठेवला.

आता हे संशोधनाच्या भाषेत वाचा. उपकरण नीट आहे, चाचणीचं गृहीतक कालबाह्य झालं आहे, आणि निष्कर्ष निघाला की उपकरण बिघडलं. प्रयोग करणाऱ्या कुठल्याही माणसाला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. पुस्तकाने तो एका सेडच्या ओळीत पुरून टाकला. ओळ कॉपी केली की एरर येतच नाही, आणि तिथे काही होतं हेही कळत नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच तुम्हाला न पडता चालवत नेतं. ओळीमागून ओळ नीट टाइप केली तर शेवटी मशीन बूट होतं, आणि तुम्ही म्हणता, “मी ऑपरेटिंग सिस्टिम बिल्ड केली.” केली खरी. पण कुठे, काय आणि का तुटू शकलं असतं हे संपादकांना माहीत झालं, तुम्हाला नाही. त्यांनी मेहनतीने शोधलेल्या कारणांची आपल्यापर्यंत फक्त उत्तरं पोहोचतात.

पुस्तकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पहिल्याच प्रकरणात मदत कशी मागावी यावर एक छोटा भाग आहे. मेकने शेवटी छापलेली ‘एरर १’ अशी ओळ पुरेशी नसते, तिच्या वर जिथे खरा एरर आहे तो भाग बघा, हे तिथे उदाहरणासह समजावलं आहे. टूलचेनच्या तांत्रिक टिपाही चांगल्या आहेत. पण हे सगळं कमांड सुरू होण्याच्या आधी येतं, आणि विद्यार्थी तेव्हा घाईत असतो. मीही होते.

तुलना: आयआयटी मुंबईच्या स्लाइड्स

याच्या उलट टोकाची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि आपल्याकडच्या मुलांना ती फारशी माहीत नाही. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘इसेन्शियल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ नावाच्या कार्यशाळा घेतल्या होत्या. त्यात जीसीसी कॉन्फिगर आणि बिल्ड कसा होतो यावर स्वतंत्र व्याख्यान होतं. बिल्ड सिस्टिम, होस्ट सिस्टिम आणि टार्गेट सिस्टिम या तीन गोष्टी वेगळ्या ठेवून, त्या सारख्या किंवा भिन्न असल्या की नेटिव्ह, क्रॉस आणि कॅनेडियन क्रॉस बिल्ड कसे होतात, हे तिथे सांगितलं आहे. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचमध्ये ‘एलएफएस’ शब्द का घुसवतात, ते मला खऱ्या अर्थाने या मांडणीनंतर कळलं.

पण या स्लाइड्स एकट्याने वाचायला जड आहेत, आणि त्या जीसीसी ४ च्या काळातल्या आहेत. आज तो कम्पायलर आधुनिक लिनक्सवर सोर्सपासून बिल्ड करायला घेतला तर वेगळाच एरर समोर येतो: ‘युकॉन्टेक्स्ट’ नावाच्या स्ट्रक्चरची व्याख्याच सापडत नाही. कारण २०१७ च्या ग्लिबसी २.२६ मध्ये त्या स्ट्रक्चरचं नाव बदललं. कम्पायलरचा सोर्स तोच, एका अक्षराचा बदल नाही, आणि तरी तो बिल्ड होत नाही, कारण खालची लायब्ररी बदलली.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच ‘कसं’ सांगतं आणि ‘का’ थोडक्यात आटोपतं. या स्लाइड्स ‘का’ सांगतात, पण त्यांतलं ‘कसं’ आता जुनं झालं. संशोधनाला दोन्ही लागतं.

हे मी का लिहितेय

खरं सांगायचं तर ही तक्रार माझ्या स्वतःच्या चुकीतून आली आहे.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मेमरी वाटपावर प्रयोग करत होते. त्यासाठी एक जुना सी प्रोग्राम जीसीसी १४ ने बिल्ड करायचा होता. २०२४ च्या या आवृत्तीपासून, आधी घोषित न केलेलं फंक्शन वापरलं तर नुसती वॉर्निंग येत नाही, एरर येतो. मला एका फाइलीत तोच एरर आला. कुठला तरी हेडर जोडायचा राहिला होता. मी काय केलं? जुनी सैल वागणूक परत आणणारा ‘परमिसिव्ह’ फ्लॅग मेकफाइलमध्ये टाकला. एरर गेला. मला वाटलं, सुटलं.

ते फंक्शन बफरचा पॉइंटर परत देत होतं. घोषणा नसली की कम्पायलर गृहीत धरतो, फंक्शन इंट परत देतं. ६४-बिट मशीनवर पॉइंटर आठ बाइटचा आणि इंट चार बाइटचा, म्हणजे पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. प्रोग्राम जुन्या पद्धतीने ठरावीक पत्त्यावर लिंक होत होता, त्यामुळे लहान बफरचे पत्ते लहान असायचे, चार बाइटमध्ये मावायचे, आणि सगळं बरोबर चालायचं. मोठे बफर मात्र खूप वरच्या पत्त्यावर मिळतात. तिथे प्रोग्राम कोसळायचा.

आणि मी ते कोसळलेले रन ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून सरासरीतून वगळत गेले.

प्रगती सेमिनारच्या दोन दिवस आधी गाइडनी आलेख बघितला आणि एकच विचारलं: “यात मोठे इनपुट कुठे आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी पद्धत चांगली चालते असं दाखवणारा आलेख खरं तर फक्त लहान इनपुटचा होता. तो मागे घेतला, सेमिनारमध्ये तसं सांगितलं, आणि तीन महिन्यांचे प्रयोग पुन्हा केले. दुरुस्ती होती एका ओळीची: हेडर जोडणं.

कम्पायलरने मला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. मीच त्याला गप्प केलं. आणि ही सवय मला लागली होती अशाच ओळी कॉपी करून: एरर आला, कुणीतरी दिलेली ओळ टाकली, पुढे. दोष पुस्तकाचा नाही, माझा आहे. पण ही सवय मोडण्याची संधी पुस्तकाकडे होती, आणि ती त्याने घेतली नाही, असं मला वाटतं.

एररचं म्हणणं ऐकायचं म्हणजे काय

प्रत्येक एररच्या वेळी कम्पायलरच बरोबर असतो असंही नाही. एमआयटीची शिकवण्यासाठी तयार केलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम ‘एक्सव्ही६’ आपल्यापैकी बरेच जण वापरतात. तिची थोडी जुनी प्रत जीसीसी १२ किंवा त्यापुढच्या कम्पायलरवर बिल्ड केली की शेलच्या फाइलीत ‘इन्फिनिट रिकर्शन’चा एरर येतो. रन-कमांड हे फंक्शन स्वतःलाच बोलावतं आणि कधीच परत येत नाही, असं कम्पायलरचं म्हणणं. अनंत रिकर्शन तिथे नाही, ती शंका चूक. पण फंक्शन परत येत नाही हे मात्र शंभर टक्के खरं: प्रत्येक वाट शेवटी एक्झिटकडे जाते.

दोन उपाय आहेत. एक, मेकफाइलमधून ‘वॉर्निंगला एरर माना’ हा फ्लॅग काढून टाका. बिल्ड होईल, आणि पुढच्या सगळ्या वॉर्निंगही नजरेआड होतील. दोन, फंक्शनच्या घोषणेत ‘नो-रिटर्न’ असं लिहा. एक्सव्ही६ मध्ये पुढे हाच दुसरा उपाय केला गेला. लिहिणाऱ्याच्या डोक्यात असलेली गोष्ट आता कोडमध्ये आली. दोन्ही उपायांनी एरर जातो, पण दुसऱ्याने कोड आधीपेक्षा खरा होतो.

मग पुस्तक वाचायचं की नाही?

वाचा, नक्की वाचा. फक्त असं वाचा:

१. टूलचेनच्या तांत्रिक टिपा आणि मदतीचा भाग आधी वाचा. एकही कमांड न देता.

२. जिथे सेड किंवा पॅच येईल तिथे थांबा. निदान दोन-तीन ठिकाणी ती ओळ मुद्दाम गाळून बघा. काय तुटतं ते वहीत लिहा, कारण शोधा, मग ओळ टाका.

३. एरर आला की शेवटची ओळ नको, पहिला एरर शोधा. एकाच वेळी अनेक कामं चालू असतील तर आउटपुट एकमेकांत मिसळतं, म्हणून एकाच कामावर पुन्हा चालवा. कॉन्फिगर पडला तर कॉन्फिग-लॉग उघडा.

४. मग विचारा: हा एरर कुठून आला? सोर्समधून, कम्पायलरच्या नव्या नियमातून, खालच्या लायब्ररीतून, की मशीनमधून? वरची सगळी उदाहरणं या चारांतच बसतात.

५. कुठलाही फ्लॅग टाकून एरर घालवलात तर तारीख आणि कारणासह नोंद ठेवा. कारण लिहिता येत नसेल तर तो फ्लॅग तुम्हाला अजून समजलेला नाही.

भावाचं मशीन शेवटी जूनमध्ये बूट झालं. तीन आठवडे लागले. पुस्तक नीट पाळलं असतं तर चार-पाच दिवसांत झालं असतं. पण त्याच्या वहीत सतरा एररची नोंद आहे, प्रत्येकाखाली कारण लिहिलेलं. दोन ठिकाणी अजून प्रश्नचिन्ह आहे, ते त्याने खोडलेलं नाही. पीएचडीच्या मुलाखतीला जाशील तेव्हा ही वही सोबत ने, असं मी त्याला सांगितलं आहे.